विधी

निवृत्तीला उचलला मंगळवारी,
अंबडच्या गोडाऊनवरून, गळ्यातल्या शिट्टीसकट.
तांब्याच्या तारेची सहा भेंडोळी गेली होती
आणि चावी याच्या कमरेला.
हवालदार म्हणाला, कलम आधी तीनशे एक्याऐंशी होतं,
आता नव्या कायद्यात तीनशे सहा.
मी म्हटलं, म्हणजे कमीच झालं ना?
तो वहीत बघत राहिला.

सिडकोत जिन्याखाली माझं इस्त्रीचं टेबल.
कपड्याला सात रुपये, साडीला वीस.
तिसऱ्या मजल्यावरच्या वकीलसाहेबांचे पांढरे बँड
नऊ वर्षं मीच करते, खळ लावून, पात्यासारखे.
ते म्हणाले, जामिनाचे पंधरा घेतो,
तुझ्यासाठी बारा हजार.
रात्री कोळसे विझल्यावर भागाकार केला:
सतराशे चौदा कपडे
आणि वर एक हातरुमाल.

मग कोर्ट. सीबीएसवरून चालत पाच मिनिटं,
आत मात्र कुठून सुरू होतं तेच कळेना.
टपरीपाशी एकजण भेटला, सफारीतला,
म्हणाला, आतले साहेब आपल्या शब्दाबाहेर नाहीत,
पाच दे, पावती मागू नको.
त्याच्या कॉलरला मळाची रेघ होती.
कॉलरवरून मला माणूस थोडाफार कळतो.
नाही दिले.

तीन दिवस एका पाटीखालून गेले, आले.
जिल्हा विधी सेवा प्राधिकरण.
शेवटचा शब्द जिभेवर बसेना,
पण विधी? नाशकात राहून विधी कुणाला कळत नाही!
आई गेली तेव्हा रामकुंडावर केला होता,
पिंडांचे वेगळे, सामानाचे वेगळे,
कावळा उशिरा शिवला त्याचेसुद्धा वेगळे.
मला वाटलं, खटला चालता चालता जे मरतात
त्यांचं इथे करत असतील.
मनात म्हटलं, आमचा जिवंत आहे अजून,
आणि पाऊल उचलून पुढे गेले.

चौथ्या दिवशी व्हरांडा झाडणाऱ्या गिरिजाबाईंनी
झाडू आडवा धरला.
कुणाचं काय झालंय? सांगितलं.
मग जा की आत. अगं, इथला विधी म्हणजे कायदा,
याला दक्षिणा नाही.

टेबलामागच्या माणसाने अर्ज पुढे सरकवला.
मी म्हटलं, उत्पन्नाचा दाखला नाही हो,
तलाठ्याकडे दोनदा जाऊन आले.
भाऊ आत आहे ना? मग नको दाखला.
आत असलेल्याला वकील मिळतोच.
आत असण्याने काही मिळतं
हे पहिल्यांदाच ऐकलं.

जावई म्हणाले, फुकटचा वकील म्हणजे
तारीख उलटलेली गोळी.
मलाही तसंच वाटत होतं, खोटं कशाला बोलू.
तबस्सुम पिंजारी मॅडम. माझ्या थोरलीच्या वयाच्या.
बगलेत अकरा फायली, डगल्याला पाठीवर आडवी चुणी.
एकदा निवृत्तीला नवनाथ म्हणाल्या,
मग स्वतःच खोडून वर नीट लिहिलं.
पण त्यांनी विचारलं, दुसरी चावी कुणाकडे असते?
रजिस्टरवर सही कितीला केली?
रात्री डबा कुणी पोचवला?
इतक्या दिवसांत
दुसरी चावी कुणाच्या डोक्यातच आली नव्हती,
माझ्यासुद्धा.

मी म्हटलं, मॅडम, तो डगला द्या, सकाळी आणून देते.
त्या हसल्या. काही घेता येत नाही मला,
हेसुद्धा नाही.
चुणी तशीच गेली न्यायाधीशांसमोर.

सरकारी वकिलांनी मुदत मागितली.
पुढची तारीख सतरा.

नाशिकरोडला मुलाखतीला गेले,
मधे काच, काचेला कुणाच्यातरी कपाळाचा डाग.
वकील मिळाली, म्हटलं, बाई आहे, नीट विचारते.
निवृत्ती काही बोलला नाही.
आधी त्याने माझ्या कानांकडे बघितलं,
डाव्या, मग मान वाकडी करून उजव्या.

कुड्या होत्या.